पहाटेचा फड आणि थंडीचा कडाका : कष्टकऱ्यांनी अंगावर काय घालावे?

बारामती/इंदापूर (प्रतिनिधी) : दिवाळी सरते, साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बारामती व इंदापूर तालुक्यांतील रस्त्यांवर उसाने भरलेल्या गाड्यांच्या रांगा लागतात. गळिताचा हंगाम आणि थंडीचा हंगाम येथे एकाच वेळी सुरू होतो. शहरातील नोकरदारासाठी थंडी म्हणजे कपाटातील स्वेटर बाहेर काढण्याचे निमित्त असते. पहाटेच्या अंधारात उसाच्या फडात उतरणाऱ्या तोडणी मजुरासाठी, रात्री पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्यासाठी आणि उजनीच्या पाण्यात जाळे ओढणाऱ्या मच्छीमारासाठी मात्र अंगावर काय घालावे, हा आरोग्याचा आणि रोजीरोटीचा प्रश्न असतो. जाड कपडा घातला की थंडी पळाली, ही समजूत कष्टाच्या कामात पुरी पडत नाही. येथे थंडीपेक्षा ओल अधिक घात करते. घामाची, दहिवराची आणि पाटाच्या पाण्याची ओल अंगापासून दूर कशी ठेवायची, यावरच हिवाळी पेहरावाचे सारे गणित अवलंबून आहे.

एका दिवसात दोन ऋतू

पुणे जिल्ह्याचा हा पूर्वेकडील भाग अवर्षणप्रवण पठारी प्रदेशात मोडतो. हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्याने दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने गमावते. थंडीची लाट आली की पहाटेचे तापमान दहा अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखालीही उतरते आणि दुपारी तेच तीस अंशांच्या जवळ जाते. जिल्ह्यात थंडी किती टोकाला जाऊ शकते, याची साक्ष पुणे वेधशाळेतील एक जुनी नोंद देते. १७ जानेवारी १९३५ रोजी तेथे पारा १.७ अंशांवर आला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेला नीरा डावा कालवा आणि त्यानंतरच्या काळात भीमेवर उभे राहिलेले उजनी धरण यांमुळे या दोन तालुक्यांचा मोठा भाग बागायती झाला. पाण्याखाली भिजलेली शेते, दाट ऊस आणि जलाशयाचा काठ येथे पहाटे दहिवर मोठ्या प्रमाणावर पडते. उसाच्या पानांवरचे हे पाणी फडात शिरणाऱ्याचे कपडे काही मिनिटांत भिजवून टाकते. त्यामुळे तापमापकावरील आकडा हिमालयाच्या तुलनेत सौम्य दिसला, तरी ओल्या कपड्यांतील माणसाला तो सौम्य वाटत नाही.

थंडीत कोण राबते?

बारामती तालुक्यात माळेगाव व सोमेश्वर, तर इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा असे सहकारी साखर कारखाने आहेत. या पट्ट्यातील ऊस तोडण्यासाठी बीड, अहिल्यानगर, जालना आदी जिल्ह्यांतून कामगारांच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’ असा हिशेब असतो. कारखान्याच्या तळावर किंवा शेताच्या कडेला पाचट, बांबू आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. बायका पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापतात आणि उजाडण्यापूर्वी जोडपी फडाची वाट धरतात. सकाळी तोड, त्यानंतर मोळ्या बांधणे आणि त्या डोक्यावरून वाहून गाडी भरणे, असा हा क्रम असतो. गाडी केव्हा येईल याचा नेम नसल्याने कित्येकदा भरणी मध्यरात्रीही करावी लागते.

दुसरा मोठा वर्ग रात्री ‘दारे धरणाऱ्या’ शेतकऱ्यांचा व सालगड्यांचा आहे. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीने दिवसा व रात्री मिळते. रात्रपाळीची वीज आली की हातात खोरे आणि बॅटरी घेऊन गुडघाभर चिखलात उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. शेतीला दिवसा वीज मिळावी या हेतूने राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. ज्या गावांना तिचा लाभ पोहोचला, तेथे हे जागरण कमी होते. इतरत्र मात्र हिवाळ्यातील गव्हाचे व उसाचे पाणी आजही रात्रीच्या गारठ्यात द्यावे लागते. याखेरीज भिगवण परिसरातील मच्छीमार, द्राक्ष व डाळिंबाच्या बागांतील मजूर, वीटभट्टीवरील कामगार आणि पहाटे दुचाकीवरून दूध गोळा करणारे तरुण हेही याच थंडीचे वाटेकरी आहेत.

शरीराचा हिशेब

मानवी शरीराचे आतील तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॅट इतकी उष्णता बाहेर पडते. ऊसतोडणीसारख्या जड कामात ती चौपटीच्या घरात जाते. त्यामुळे कोयता चालू असेपर्यंत मजुराला थंडी फारशी जाणवत नाही, उलट घाम येतो. अडचण उभी राहते ती काम थांबल्यावर. गाडीची वाट पाहताना शरीराची भट्टी मंदावते, अंगातील कपडे घामाने ओले असतात आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. काही मिनिटांपूर्वी घामाघूम झालेला माणूस मग हुडहुडी भरून काकडू लागतो.

कपडा स्वतः ऊब निर्माण करत नाही. त्याच्या धाग्यांत व थरांत अडकलेली स्थिर हवा शरीराची उष्णता रोखून धरते. कपड्याची ही क्षमता मोजण्यासाठी १९४१ मध्ये ‘क्लो’ हे एकक सुचविले गेले. साधारण २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखद वाटेल इतका पेहराव म्हणजे एक क्लो होय. दहा अंशांच्या पहाटे बांधावर बसून राखण करणाऱ्याला याच्या दुपटीहून अधिक संरक्षण लागते, तर त्याच थंडीत ऊस तोडणाऱ्याला एक क्लोपेक्षाही कमी पुरते. एकच माणूस सकाळभरात या दोन्ही अवस्थांतून जातो. म्हणूनच एका जाड कपड्यापेक्षा काढता-घालता येणारे दोन-तीन पातळ थर अधिक उपयोगी पडतात.

घोंगडी, वाकळ आणि बंडी

हे शास्त्र ग्रामीण महाराष्ट्राला अनुभवातून ठाऊक होते. बारामती-इंदापूरच्या माळांवर मेंढ्या चारणाऱ्या धनगर समाजाची घोंगडी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते. तिचे सूत काढून त्याला चिंचोक्याची खळ देतात आणि सनगर व खुटेकर समाजांतील कारागीर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतात. वापरासरशी तिचे धागे एकमेकांत गुंततात आणि वीण घट्ट होते. वारा व रिमझिम पाऊस तिला सहजी भेदत नाहीत. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. घोंगडीची एक बाजू दुमडून केलेली ‘खोळ’ डोके, कान, मान आणि पाठ एकाच वेळी झाकते. टोपी आणि कोट यांचे काम एकाच वस्त्राने भागविणारी ही रचना आहे.

घोंगडीला मर्यादाही आहेत. ती मेंढरांमागे चालणाऱ्यासाठी, राखणदारासाठी आणि झोपण्यासाठी योग्य ठरते. वाकून कोयता चालवताना किंवा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढताना ती अडचणीची होते. अशा कामासाठी पूर्वी कापसाची जाड बंडी, डोक्याला मुंडासे आणि कमरेला घट्ट आवळलेले धोतर असा पेहराव असे. रात्रीच्या पांघरुणासाठी जुनी लुगडी व धोतरे थरावर थर रचून शिवलेली वाकळ घरोघरी असे. जीर्ण कपड्यांच्या थरांत हवा कोंडून ऊब मिळवण्याचे हे तंत्र स्वस्त आणि परिणामकारक होते.

आज हाताने विणलेली घोंगडी महाग पडते आणि विणणारे हातही कमी होत चालले आहेत. तिची जागा बाजारात मिळणाऱ्या अॅक्रिलिकच्या स्वेटरांनी, पानिपतहून येणाऱ्या जुन्या लोकरीपासून केलेल्या ब्लँकेटांनी आणि सोलापुरी चादरीने घेतली आहे. ही वस्त्रे टाकाऊ नाहीत. मात्र कोणते वस्त्र कोणत्या वेळी वापरावे, याचे भान आवश्यक आहे.

तीन थरांची पद्धत

अंगालगतच्या थराचे काम घाम टिपून त्वचा कोरडी ठेवण्याचे आहे. सुती बनियन घाम भरपूर शोषते, परंतु वाळण्यास वेळ घेते. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एक कोरडे बनियन पिशवीत जवळ ठेवणे आणि तोड थांबताच ओले बदलणे. जाड स्वेटर विकत घेण्यापेक्षा या एका सवयीने अधिक ऊब मिळते. मधला थर उबेचा असतो. अंगाबरोबर बसणारा बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर कोयत्याच्या कामात सोयीचा पडतो, कारण छाती व पाठ उबदार राहूनही हात मोकळे राहतात. अंगात ऊब आल्याबरोबर, म्हणजे घाम फुटण्यापूर्वीच, हा थर उतरवून ठेवावा.

सर्वांत वरचा थर वारा, दव आणि उसाच्या पानांपासून संरक्षण देतो. उसाच्या पानांच्या कडा करवतीसारख्या असतात आणि त्यांची कुसळे अंगात रुततात. ऊसतोड महिला साडीवर पुरुषी मापाचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालतात आणि डोक्याला रुमाल घट्ट बांधतात, ते याच कारणाने. जाड विणीचा सुती शर्ट या कामाला उत्तम होय. दहिवर अधिक असल्यास छातीपासून गुडघ्यापर्यंत येणारा प्लॅस्टिकचा तुकडा पुढून बांधल्यास कपडे कोरडे राहतात. मात्र संपूर्ण अंग प्लॅस्टिकने वेढणे चुकीचे ठरते, कारण आतला घाम बाहेर पडू शकत नाही. साडीचा खालचा घोळ ओला होऊन पायांना चिकटतो, त्यामुळे आत सलवार किंवा विजार घालणे हितावह असते.

दुचाकीवरून अथवा उघड्या ट्रॉलीतून प्रवास करताना वाऱ्याचा विचार वेगळा करावा लागतो. दहा अंशांच्या हवेत ताशी ४० किलोमीटर वेगाने वारा लागल्यास उघड्या त्वचेला ती थंडी सुमारे सहा अंशांसारखी भासते. अशा वेळी छातीवर वारा अडविणारे जाकीट असावे. तेही नसल्यास शर्टाच्या आत वर्तमानपत्राच्या घड्या घालण्याची जुनी युक्ती कामी येते.

डोके, हात आणि पाय

शरीरातील निम्मी उष्णता डोक्यावाटे निघून जाते, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. डोक्याचा पृष्ठभाग संपूर्ण शरीराच्या सुमारे सात ते दहा टक्के असतो आणि त्यातून जाणारी उष्णताही साधारण त्याच प्रमाणात असते. तरीही कान व मान झाकणे महत्त्वाचे आहे, कारण हे भाग उघडे राहिले की थंडी तीव्रतेने जाणवते. कानटोपी सैल नसावी आणि तिने दोन्ही बाजूंचे दिसणे अडता कामा नये.

हातांचा प्रश्न थेट सुरक्षिततेशी निगडित आहे. बोटांच्या त्वचेचे तापमान १५ अंशांखाली गेले की बोटांची चपळाई कमी होऊ लागते आणि पकड सैलावते. कोयता निसटून पायावर बसण्याचा धोका पहाटेच्या पहिल्या तासात म्हणूनच अधिक असतो. फार जाड मोज्यांत कोयत्याची मूठ नीट धरता येत नाही. तळव्याला रबरी लेप असलेले विणीचे हातमोजे पकडही टिकवतात आणि पानांच्या कडांपासून रक्षणही करतात. पहिली काही मिनिटे हातपाय हलवून, बोटे चोळून मगच कोयता हाती घ्यावा.

पाण्यात उभे राहून दारे धरणाऱ्यांसाठी गुडघ्यापर्यंतचे गमबूट आवश्यक आहेत. त्यामुळे पाय कोरडे राहतात आणि घोणसीसारख्या सापांपासूनही बऱ्याच अंशी बचाव होतो. बूट फार घट्ट असल्यास रक्तप्रवाह अडून पाय अधिक गारठतात. म्हणून लोकरी मोजे मावतील इतके माप मोठे घ्यावे आणि मोज्यांचा दुसरा कोरडा जोड खिशात ठेवावा. तोडणी मजुरांनी चपलेऐवजी कॅनव्हासचे बंद बूट वापरावेत.

उबेच्या नादात धोके

थंडीवर उपाय करताना होणारे अपघात थंडीपेक्षाही घातक ठरू शकतात. पाचटाची शेकोटी क्षणात भडकते. पॉलिस्टर व अॅक्रिलिकचे कपडे पेटल्यास वितळून त्वचेला चिकटतात आणि जखम खोल होते. शेकताना पदर खोचलेला असावा आणि आगीजवळ सुती किंवा लोकरी वस्त्रच वर असावे. कोपीचे दार बंद करून आत शेगडी वा निखारे ठेवून झोपणे कटाक्षाने टाळावे. त्यातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू ना दिसतो, ना वास देतो, आणि झोपेतच मृत्यू ओढवू शकतो.

ट्रॅक्टरचा फिरता दांडा, मळणीयंत्र आणि गुऱ्हाळाचा चरक यांच्याजवळ मफलर, शाल, ओढणी अशी लोंबती वस्त्रे मृत्यूला आमंत्रण देतात. अशा जागी कानटोपी आणि अंगाबरोबरचा स्वेटरच हवा. दारूने अंगात ऊब येते हाही भ्रमच आहे. दारूमुळे त्वचेकडील रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटते आणि प्रत्यक्षात शरीर आतून अधिक वेगाने थंड होते.

फडाच्या कडेला झोपलेली लेकरे

तोडणी मजुरांची तान्ही मुले आई-वडिलांसोबतच पहाटे फडावर येतात. मोठ्यांच्या तुलनेत बालकांच्या वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग अधिक असल्याने त्यांचे शरीर लवकर थंड होते, आणि कष्टाची ऊबही त्यांना नसते. साडीच्या झोळीखालून वारा लागतो, म्हणून झोळीत आधी वाकळेचा जाड थर अंथरावा. जमिनीवर निजवताना कोरड्या पाचटाची गादी करून त्यावर घोंगडी टाकावी. बाळ गार लागल्यास त्याला आईच्या उघड्या छातीशी घेऊन वरून पांघरूण घालणे हा सर्वांत जलद व निर्धोक उपाय होय.

कायद्यातील लोकरी कोट

थंडीचे कपडे ही मजुराची खासगी बाब आहे, असे मानण्याची रीत आहे. कायद्याने मात्र एके काळी याहून वेगळी भूमिका घेतली होती. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये झालेल्या कायद्याने कामगारांना संरक्षक कपडे देण्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकली. केंद्राच्या १९८० च्या नियमावलीत, तापमान २० अंशांखाली जाते तेथे दर दोन वर्षांनी एक लोकरी कोट व एक लोकरी विजार देण्याची तरतूद होती. बारामती-इंदापुरातील हिवाळ्याची जवळपास प्रत्येक पहाट या अटीत बसते.

परंतु हा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्या कामगारांसाठी होता. बीडचा मजूर कर्नाटकात ऊस तोडायला गेला तर तो आंतरराज्य कामगार ठरे. तोच मजूर इंदापुरात आला तर थंडी तीच असूनही या संरक्षणाच्या बाहेर राही. पुढे हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. आंतरराज्य कामगाराच्या व्याख्येत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याची अट तिच्यातही आहे.

राज्यात ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले असून त्याच्या निधीसाठी कारखान्यांनी गाळपाच्या प्रत्येक टनामागे दहा रुपये द्यावेत, असे धोरण ठरले आहे. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढही मान्य झाली. तरीही मजुरी टनावर मिळते, ही मूळ गोष्ट कायम आहे. कपडे बदलायला, हात शेकायला किंवा दव ओसरेपर्यंत थांबायला जो वेळ लागतो, त्याचे दाम कोणी देत नाही. त्यात मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. पेहरावाविषयीचा कोणताही सल्ला हे वास्तव लक्षात घेऊनच द्यावा लागतो. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक कोयत्यामागे दोन स्वेटर, दोन जोड हातमोजे व बूट देण्याचा खर्च एका हंगामाच्या उलाढालीपुढे किरकोळ आहे. तो कोणी करायचा, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

मदत करू इच्छिणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईतील अनेक संस्था व गृहनिर्माण सोसायट्या दर हिवाळ्यात ब्लँकेटे वाटतात. ब्लँकेट रात्री उपयोगी पडते, फडात नव्हे. मदत करावयाची असल्यास पूर्ण बाह्यांचे मजबूत सुती शर्ट, बिनबाह्यांचे लोकरी स्वेटर, कानटोप्या, लोकरी मोजे, बंद बूट आणि लहान मुलांचे उबदार कपडे द्यावेत. बटणे तुटलेले, चेन बिघडलेले कपडे देऊ नयेत. वाटप जानेवारीत न करता नोव्हेंबरमध्ये, टोळ्या तळावर येताच करावे, म्हणजे संपूर्ण हंगाम त्यांचा उपयोग होतो.

ही लक्षणे ओळखा

शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली गेल्यास ती वैद्यकीय आणीबाणी समजावी. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. ओले कपडे, वारा, थकवा आणि उपाशी पोट एकत्र आले तर आपल्याकडेही हा धोका संभवतो. सतत थरथरणे, हातातील वस्तू गळून पडणे, बोलताना जीभ अडखळणे, झोप येणे, विसंगत बोलणे ही त्याची लक्षणे होत. थरथर अचानक थांबून माणूस सुस्त झाला तर ते सुधारल्याचे चिन्ह नव्हे, स्थिती गंभीर झाल्याचे लक्षण आहे.

अशा व्यक्तीला आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरड्या घोंगडीत किंवा ब्लँकेटात गुंडाळावे आणि छाती, मान व पोट यांना आधी ऊब द्यावी. हातपाय जोराने चोळू नयेत किंवा आगीच्या अगदी जवळ नेऊ नये. शुद्धीवर असल्यास गोड गरम चहा द्यावा, दारू देऊ नये. शुद्ध हरपत असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत व्यक्तीला आडवे ठेवून एकटे सोडू नये.